टरफलं

काब्वेच्या बाजारात शेंगदाणे विकून झाले
की टरफलं कुणाचीच नसतात.
आई ती पोत्यात भरून आणते,
झाकण घट्ट लावून ड्रममध्ये भाजते.
जळू द्यायची नाहीत,
फक्त काळी पडू द्यायची.

मग चुरा, धुणं, वाळवण.
बादलीला खाली भोक, भोकाला फडकं,
फडक्यावर वाळू, वाळूवर हा कोळसा.

वरून ओततो ते पाणी स्वच्छ दिसतं.
खाली येतं तेही स्वच्छच.
हीच तर पंचाईत.
शेजारची मुटिंटा विचारते,
“कासोंदेच्या आई, मग तू केलंस काय?”

कासोंदे मी.
शिसं दिसत नाही.
मला सातचा पाढा अजून येत नाही,
ते दिसतं.

प्रयोगशाळेचा कागद तीन आठवड्यांनी आला.
आईनं आकडा दोनदा वाचला,
घडी करून मिठाच्या डब्याखाली ठेवला.
त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं,
कुणी काही बोललं नाही.

आणि वापरलेला कोळसा?
शिसं काही मेलेलं नसतं,
नुसतं बिऱ्हाड बदललेलं असतं.
कोंबड्या टोचतील म्हणून
डब्यात बंद, वर दगड, खडूनं तारीख.
न्यायला गाडी येणार आहे म्हणे.

चार डबे झालेत.
आई पाचव्यासाठी दगड शोधतेय.