सावलीचं भाडं

कडबी चौकापासून थोडं पुढे, कामठी रोडवर
आमचं दुकान कूलरचं. विकणं कमी, दुरुस्ती जास्त.
पत्ता आधी होता, "कडुलिंबासमोर".
आता लिंब नाही. लोक फोनवर विचारतात,
"पिलर कितवा?"
दोनदा मी बाहेर जाऊन आकडा वाचून आले,
तिसऱ्यांदा तो पाठ झाला होता,
आपण न निवडलेला आधार नंबर होतो तसा.

बाबांची वही आहे, लाल, कापडी पाठीची.
खोदकाम सुरू झालं त्या वर्षीचा मार्च कोरा.
एप्रिलात एकच ओळ: पंप एक, रंगारी मास्तर, उधार.
मे महिन्यात धूळ इतकी
की लोकांनी एका उन्हाळ्यात दोनदा ताट्या बदलल्या.
बाबा म्हणाले, "पाय बाप्पा,
गाडी अजून आली नाही नं धंदा वाढवून राहिली!"
मग पत्र्याचं कुंपण आणखी जवळ सरकलं,
दुकानाकडे यायला एका माणसापुरती बोळ उरली,
आणि कूलर काही माणसासारखा
अंग चोरून चालत नाही.

शेजारचा इकबाल, गाद्या भरणारा,
त्याच बोळीतून आपली मशीन सुटी करून घेऊन गेला.
चार फेऱ्या लागल्या. मी एक टोक धरलं होतं.
त्याच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं लटकतात,
रात्री बारापर्यंत जांभळा दिवा.

मग गाडी धावली.
पहिल्या दिवशी सगळा रस्ता मान वर करून उभा.
सगळ्यात आधी मान खाली आणली
ती आमच्या घरमालकांनी, गोंडाणे काकांनी.
सहा हजारांचे अकरा.
"स्टेशन जवळ आलं नं आता."
मी म्हटलं, "काका, आम्ही तर कुठेच गेलो नाही."
त्यांनी महापालिकेचा कागद दाखवला. टॅक्स खरंच वाढला होता.
तो कागद मी दोनदा वाचला.
राग कोणावर धरायचा
ते त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, त्याच्यावर रूळ.
रोज दोन मजले गिऱ्हाईक
आमच्या डोक्यावरून जातं.
बोर्ड वर लावावा म्हटलं तर
वरच्यांना तो वाचेपर्यंत इंदोरा येतं.

पण खोटं कशाला बोलू?
माझी बहीण प्रणोती खापरीला कामाला जाते.
पहिले दोन ऑटो नं एक बस, घरी यायला रात्रीचे नऊ.
आता सातला येते, ओढणीला धुराचा वास नसतो,
महिन्याचे हजार-बाराशे वाचतात
ते ती मुकाट्याने डब्यात टाकते
आणि डबा एक तारखेला काकांकडे रिकामा होतो.
गाडीनं दिलं ते गाडीच्याच नावानं गेलं,
मधे आम्ही, गेटवर कार्ड टेकवून उभं राहावं तसे.

आणि ही सावली.
सेहेचाळीस डिग्रीत एवढी लांब सावली
कामठी रोडनं कधी पाहिली नव्हती.
सकाळी ती पलीकडच्या फुटपाथवर असते,
बाराला पिलरच्या पायाशी गोळा होते,
चारनंतर रस्ता ओलांडून आमच्या दारात येते.
तिच्या मागोमाग टरबुजाची गाडी ढकलत सुकेशनीबाई,
तिच्या मागे खर्रा घोटणारा पोरगा,
मग पंक्चरवाला, हवेचा पंप खांद्यावर.
कोणी कोणाला विचारत नाही, कोणी पावती फाडत नाही.
गाडी वरून गेली की टरबुजाच्या फोडी
थाळीत किंचित थरथरतात.

संध्याकाळी मी वहीत लिहिते, बाबांच्याच ओळींखाली:
मोटर एक, ताट्या सहा,
टरबूज अर्धं, उधार, आपल्याकडून.

गोंडाणे काका खुर्ची टाकून बसलेत, सावलीतच.
फोड खाताहेत. बिया एका बाजूला थुंकताहेत.
आणि चपलेच्या टोकानं, अगदी सहज,
सावलीची कड कुठवर येते
ते मोजताहेत.