सात मिलिमीटर

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
खाजं विकणारी आणि मातीच्या कुंड्या यांच्या मधोमध
गोणपाटावर तीन रीमर.
एक पाती सरकणारा, वाढता-घटता.
विकणारा म्हणाला, हा घ्या, ह्यात सगळी मापं निघतात.
एक सरळ धारांचा,
कुणाच्या तरी कपाटात तेलकट कागदात निजून राहिलेला.
आणि एक पिळाचा. दांड्यावर कोरलेलं: ७.
टोकाला चिमूटभर गंज.

रुझार मेस्त असता
तर अंगठ्याचं नख धारेवरून ओढून
नखाचा पांढरा भुसा निघतो का पाहिलं असतं.
मी पाहिलं. निघाला.
गाईडच्या आत तेलाची खाच असते,
सरळ धार तिथे अडखळते,
पीळ तिरका निघून जातो.
खिशात अकराशे. नऊशेला सुटला.
सगळी मापं काढणारा तिथंच राहिला,
घरी येईपर्यंत त्याचाच विचार.

काम तुळशीदास हळर्णकरचं.
स्टँडवरचा पायलट, पिवळी-काळी गाडी,
मागे निळा धूर. बायका आता दुसऱ्याच्या मागे बसतात, म्हणाला.
जुनी गाईडं ठोकून काढली,
नवी ब्राँझची, रात्रभर
अंजनाबाईच्या बर्फाच्या पेटीत,
बांगड्यांच्या खाली, दोन पिशव्यांत गुंडाळून.
आणि हेड गिरीच्या बोस्त्यांव पोदेराच्या भट्टीत,
सकाळचे पाव निघाल्यावर.
"काळं पडेल काय रे माझं?" त्यानं विचारलं.
भट्टीबद्दल विचारत होता.

थुंकीचा थेंब नाचला तसं हेड बाहेर.
पायरीचा ड्रिफ्ट, पितळी,
पोलादी नको, तो तोंड चेपतो.
तीन ठोके. चौथा द्यावा लागला नाही.
गरम धातूनं थंड धातूला धरलं
आणि धरताना आतून थोडं आवळलं.
तेवढंच आवळलेलं काढायचं होतं, केसभर,
त्यासाठी नऊशे रुपये.

रीमर उलटा फिरवायचा नाही.
बाहेर काढतानाही सुलटाच.
हे मेस्तानं एकदाच सांगितलं होतं
आणि मी विसरलो तेव्हा पाना माझ्या हातून घेऊन
दिवसभर मला दुकान झाडायला लावलं होतं.

नंतर गाईडमध्ये पायलट बसवला,
कटरला मध्य दाखवणारी ती बारीक दांडी.
"माझंच नाव?" तुळशीदास म्हणाला,
आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत बसला.

सीट घासली. पोर्टमध्ये रॉकेल ओतून
चहा प्यायला गेलो दोघं.
परत आलो तर व्हॉल्वच्या कडेला
एक थेंबही नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी धुराशिवाय आली.
हँडलला पिशवी, पिशवीत चार पोळे,
बोस्त्यांवनं दिलेले.
एक फोडून हुंगला,
तेलाचा वास येतोय का.
नाही आला.
थोडा येईल असं वाटलं होतं.