रेघेच्या वर

सांगलीत घर स्वस्तात मिळालं, कारण भिंतीवर
माझ्या खांद्याशी कृष्णेच्या पुराची रेघ.
रंगाचे दोन हात मारले की जाईल, म्हणाला भूपाल.
तीन मारले. ती उमटलीच.

मोरीला अजून चादरीचं दार,
टोचणी कुठल्या खोक्यात कोण जाणे,
मग काट्याचमच्यांनी आवळे टोचले तिघांनी.
पाक एकतारी की दोनतारी, यावर भांडण;
घरभर ओलं सिमेंट आणि वेलदोडा.

बरण्यांसाठी त्याने फळी ठोकली
रेघेच्या वीतभर वर.
"अजून थोडी," मी म्हणाले.
त्याने मुकाट खिळे उपटले.

आता मोरावळ्याला स्टूल लागतं.
त्रिशला भिंतीला पाठ लावून उभी राहते,
डोक्यावर पट्टी धरते:
"अजून चार बोटं."