फुलं तपासणारी

तगालच्या या पत्र्याच्या शेडमध्ये
मी हंसाची पिसं निवडते.
डाव्या पंखाची या टोपलीत, उजव्या पंखाची त्या.
एका फुलात दोन्ही मिसळली
की ते वाट सोडतं, पिऊन आल्यासारखं.
सोळा पिसं, एक बूच, दोऱ्याचे दोन फेरे,
वर सरस.
सरसाचा वास जेवतानाही बोटांना असतो.

शेडच्या मागे एकच कोर्ट. तिथे वुर्यानी.
तिचं काम एवढंच:
डझनातलं एक फूल उचलायचं,
मागच्या रेषेवरून, खालून, पूर्ण ताकदीनं मारायचं
आणि कुठे पडलं ते बघायचं.
पलीकडे कोणी नसतं.
"पंचाहत्तर!" ती ओरडते, मी डब्यावर लिहिते.
"अठ्ठ्याहत्तर! हे थंड देशांना."

थंड देश तिनं पाहिलेत.
मालकाच्या खोलीत फोटो आहे:
कपाळाला पट्टी, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले,
खाली शाईनं लिहिलंय, जगात अकरावी.
काचेमागे पालीनं अंडी घातली होती एकदा.
त्या फोटोतली मुलगी मला माहीत नाही.
मला हिचे गुडघे माहीत आहेत.
जिना ती तिरकी उतरते,
आधी डावा,
मग डाव्याला विचारून उजवा.

दुपारी मातीच्या किटलीत मोगऱ्याचा चहा,
कपाच्या तळाशी खडीसाखर.
ढवळायचं नाही, ही आमच्याकडची रीत.
कडू पीत पीत गोडापर्यंत जायचं.
अशाच एका दुपारी मी विचारून बसले,
आणि ती कपात बघत म्हणाली:

कोपनहेगन. तिसरा गेम. दहा-नऊ, मी पुढे.
तेव्हा सर्व्हिस ज्याची, गुण त्यालाच.
तिच्या सर्व्हिसवर मी रॅली मारली
तर हाती काय? नुसती सर्व्हिस.
माझ्यावर तिनं मारली, की तीही गेली.
सतरा वेळा फूल इकडून तिकडे गेलं,
बावीस मिनिटं पाटीवर दहा-नऊ.
घरी बापानं रेडिओला दोन थपडा मारल्या,
त्याला वाटलं, आतला माणूस अडकला.

"मग?"
"मग हरले,"
भात शिजला म्हणावं तशी म्हणाली.

आता तिची भाची खेळते, एकवीसचा गेम.
प्रत्येक रॅलीला कोणाला ना कोणाला गुण.
बरंय, म्हणते, कोणी फुकट दमत नाही.
मग कपातली खडीसाखर
बोटानं काढून चोखत बसली.
"वहीत माझे तीन आकडे आहेत," म्हणाली,
"त्या बावीस मिनिटांना आकडाच नाही."

गेल्या गुरुवारी वीज गेली.
पिसं कापायचं यंत्र थांबलं,
बाया दारात पदरानं वारा घेत बसल्या.
वुर्यानीनं माझ्या हातात रॅकेट दिली.
"उभी राहा पलीकडे."
सरसाची बोटं मुठीला चिकटली.
तिनं सर्व्हिस केली, हलकीच,
लहान मुलापुढे ताटली सरकवावी तशी.
मी चुकले. एक-शून्य.
चुकले. दोन-शून्य.
बाया हसल्या, मीही हसले,
सात-शून्यपर्यंत हसायला जमलं.

आठव्याला काय झालं कोणास ठाऊक,
फूल जाळीच्या पट्टीवर आपटलं, थबकलं,
आणि तिच्या बाजूला पडलं.

त्याआधी तिचं पाऊल पुढे गेलं होतं.
उजवं. डाव्याला न विचारता.
पोचली नाही.
जांघेला हात लावून उभी राहिली,
दारातल्या बाया गप्प.

"सर्व्हिस ओव्हर," ती म्हणाली,
खणखणीत, पंचांसारखी.
गुण तितकेच. सात-शून्य.
वाकता येईना, म्हणून रॅकेटनंच फूल उचललं
आणि जाळीखालून माझ्याकडे सरकवलं.

मी सवयीनं ते उलटं करून पाहिलं.
दोन पिसं मोडली होती.
बाकी सगळी डाव्या पंखाची,
माझ्याच टोपलीतली.