गारांचा इशारा

डेलमार फेब्रुवारीत गेला.
मे महिन्यात आर्लीननं त्याचा पिकअप विकायला काढला,
माझ्या गॅरेजात आणून उभा केला.
"ब्रेक बघ, पट्टे बघ," म्हणाली,
"कॅसेट अडकलीय आत. तिला मात्र हात लावू नकोस."

पश्चिम नेब्रास्कात अडकण्याचं कुणाला काय कौतुक.
इथे माणसं अडकतात चाळीस-चाळीस वर्षं,
एका मक्याच्या शेतात, एका लग्नात,
चर्चमधल्या एकाच बाकावर.

किल्ली फिरवली की ती आपसूक सुरू व्हायची.
डेलमारनं रेडिओवरून उतरवून घेतलेली गाणी,
एकोणऐंशीच्या उन्हाळ्यातली.
कुणी घर सोडून निघालाय,
कुणी परत निघालाय नि पोचत नाहीये,
एक बाई स्वयंपाकघरातला दिवा जाळत बसलीय.
मग एकदम गिटार, अशी की
डॅशबोर्डचे ढिले स्क्रू थरथरावेत.

तिसऱ्या गाण्यात, ऐन कडव्यात, निवेदक घुसतो:
कीथ आणि पर्किन्स काउंटीत गारांचा इशारा,
गुरं आत घ्या, गाड्या आत घ्या.
इशारा संपतो तोवर गाणं पुढे निघून गेलेलं.
दिवा विझलाय, बाई हसतेय.
मध्ये काय झालं
ते गारांना ठाऊक.

आणि दुसऱ्या बाजूला एक खोकला आहे.
रेकॉर्डरपाशी श्वास कोंडून बसला असणार डेलमार,
शेवटच्या ओळीला नाही जमलं त्याला.

गाडी घेतली टोबिननं. वय एकोणीस, गुरांच्या फीडलॉटवर कामाला.
"हे काढून टाका," म्हणाला, "फोन जोडता येईल असं काहीतरी बसवा."
दहा मिनिटांचं काम. चिमटा हातातच होता.
मी म्हटलं, सुटा भाग मिळत नाही, थांबावं लागेल.
खोटं बोललो.

साधीच तर गाणी. रस्ता, आगगाडी, आई, माफ कर.
तीन सूर, फार तर चार.
यांच्याहून हुशार गाणी मी पुष्कळ ऐकली,
पण त्यांच्यापायी कधी रात्री अडीच वाजता
गाडी कडेला घेऊन, इंजिन चालू ठेवून,
घटस्फोटाच्या कागदांवर डोकं टेकून बसलो नाही.

ऑक्टोबरात टोबिन तेल बदलायला आला.
मी गाडीखाली. वर पोरगं गुणगुणतंय,
तिसरं गाणं. आणि ऐन कडव्यात थांबून,
आवाज जाड करून:
गुरं आत घ्या, गाड्या आत घ्या.

मला हसू आलं, तेल कोपरापर्यंत ओघळलं.
"शनिवारी बारमध्ये लागलं होतं ते," तो म्हणाला,
"अख्खं. मधलं कडवं पहिल्यांदाच ऐकलं."
काय आहे त्यात?
"तो येतो परत. दार वाजवतो, एवढंच."
थोडा वेळ बूट घासत उभा राहिला.
"गारा असलेलंच बरं वाटतं."

नव्या भागाबद्दल त्यानं विचारलं नाही.
मीही काढलं नाही.

काल दुकानात आर्लीन भेटली,
बटाटे निवडत होती, एकटीपुरते.
"वाजते का रे अजून?"
वाजते, म्हटलं.
"आणि शेवटी तो..."
आहे की, म्हटलं. जागच्या जागी आहे.

तिनं एक बटाटा उचलला,
उगाच उलटसुलट करून पाहिला,
नि परत ठेवला.