मोडीत

गिजरे गुरुजी चष्मा कपाळावर चढवतात
आणि कागद खिडकीच्या उजेडाला धरतात.
कराडच्या रजिस्टर कचेरीतली नक्कल, सन अठराशे चौऱ्याण्णव.
"लिहून ठेवतो ऐसा जे,"
आणि त्यांचा आवाजच बदलतो,
कोणी खाकरून बाजेवर उठून बसावं तसा.

राऊ बिन येसू डुबल, राहणार मसूर, धंदा शेती,
वय सुमारे साठ, प्रकृती क्षीण, अक्कल शाबूत.

मला एवढंच पुरे होतं.
धाकट्या भावाच्या दाखल्यासाठी एक नाव, एक साल.
बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत आलेय,
पानाला दोनशे ठरलेत,
पण म्हातारा बोलायला लागला की थांबत नाही.

थोरल्या मारुतीस ओढ्याकडची पट्टी.
ग्यानूस मळईचं रान
आणि विहिरीवर मंगळवार-शनिवारची पाळी.
हौश्या बैल दोघांत, ऐन पेरणीत भांडू नये.
घोंगडं एक, नवं,
जो माझे दिवस घालील त्याचं.

मग ओळ खाली घसरते:
"आमचे घरी राहिली सगुणा, हिला तांब्याची घागर द्यावी.
सोप्यातील जागा तहहयात द्यावी.
कोणी तिला ऊठ म्हणू नये."

सगुणा कोण?
गुरुजी भिंग पुढेमागे करतात.
"कोम अमका असं नाही, म्हणजे बायको नव्हे.
लेक म्हणावी तर तसंही नाही.
आणि सगुणाच असेल असंही नाही हो,
शाई फुटलीय."
खाली चार रेघांचा नांगर. निशाणी नांगराची.
हात कापला असावा,
रुमणं वाकडं आलंय.

दिवाळी सरल्यावर बाळाप्पा हेळवी आला.
त्याचा आजा बैलावर बसून यायचा, हा मोटारसायकलवर.
सोफ्याच्या कडेला टेकून, डोळे मिटून त्यानं सुरू केलं:
येसूचा राऊ, राऊचे दोन, ग्यानूचे तीन,
मधला पटकीत गेला, त्याचा वंश नाही,
अकरा पिढ्या, दोन-तीन श्वासांत.
मी सगुणा विचारली.
त्यानं वही उघडून कानडी अक्षरांवरून बोट फिरवलं.
"बायका लावत न्हाई आमी, ताई.
तुमीबी न्हाई ह्यात."
पायलीभर गहू नि पाचशे रुपये घेऊन
आईच्या हातचा चहा पिऊन गेला.

सापडली ती तहसिलात, कोतवालबुकात,
वाळवीनं कोपरा खाल्लेल्या पानावर.
अठराशे नव्याण्णव, गाठीचा ताप.
एका आठवड्यात सव्वीस नावं, अक्षर घाईचं.
"सगुणा, स्त्री, वय पन्नास, राऊ डुबल याचे घरी."
राऊला जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली,
तरी कारकुनानं घर त्याचंच लिहिलंय.
म्हणजे तिला कोणी ऊठ म्हटलं नाही.
किंवा म्हटलं असेल,
आणि ती उठली नसेल.

आईला घागरीचं विचारलं.
"होती की. बुडाला डाग दिलेली, जड.
तुझ्या जन्माच्या वर्षी बाजारात मोडीत घातली,
वजनावर स्टीलचं पिंप आणलं.
अजून आहे बघ, तांदळाला."

घागर मोडीत गेली.
बाई मोडीतच राहिली होती,
गुरुजींनी पानाला दोनशे घेऊन सोडवेपर्यंत.

भावाचा दाखला झाला, पेढेही झाले.
वंशावळीचा तक्ता मीच भरला होता,
चौकटी नि बाण, सगळे खाली जाणारे.

सोमवारी बँकेत गर्दी होती.
पासबुकाचं काम उरकलेली एक म्हातारी
पंख्याखालच्या बाकावर बसून राहिलेली,
पिशवी मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले.
शिपाई तिच्याकडे निघाला
तेव्हा नोटा मोजता मोजता
मी हातानंच खूण केली,
आणि मोजणी चुकली,
पुन्हा पहिल्यापासून मोजली.