सेकंडचा माल

अंबादास, आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवलायस
आठ दिवस झाले.
मी सरळ केला नाही.
तुझा आहे, तू कर.

मी दिवसभर ट्यूबलाइटखाली टॉवेल तपासते,
पाचशे नग.
डोळ्यांआधी तळहाताला कळतं
कुठं गाठ आहे, कुठं लूप निसटलाय.
पहिल्याच आठवड्यात बालम्मा म्हणाली होती,
निघालेला दोरा ओढायचा नाही पोरी, कापायचा.
ओढलास की अख्खी ओळ हातात येते.

तोंडाबाबत हे मला कुणी सांगितलं नाही.
नववीपासून मी ओढत राहिले
न्हाणीघराची कडी लावून.
माझ्या डाव्या गालावर हे जे खड्डे आहेत ना,
सगळे मुरमांचे नाहीत.
निम्मे माझ्या नखांचे आहेत.

कारणं मात्र सगळ्यांकडं होती.
मांडीवर विडीचं सूप घेऊन आई म्हणायची,
शेंगाचटणी बंद कर.
शेजारची म्हणायची, पोट साफ नाही.
मावशी म्हणायची, लग्न झालं की जातात.
सोलापूरचं ऊन सगळ्यांच्याच यादीत होतं.
मग लिंबू, मग टूथपेस्ट,
मग साखर पेठेतल्या मेडिकलवाल्यानं दिलेली
चिठ्ठीशिवायची नळी.
आठवड्यात तोंड असं गुळगुळीत की
वर्गातल्या पोरी नाव विचारायला लागल्या.
नळी थांबवली
आणि दुप्पट उठलं, लाल, आग होणारं.

अक्कलकोट रोडचे पाहुणे आले तेव्हा
मुलाच्या आत्यानं माझी हनुवटी धरून
खिडकीच्या उजेडाकडं वळवली.
बोलली काही नाही. चहा चांगला झालाय म्हणाली.
पुढं टेबलावर काम लागलं
तेव्हा ती नजर मला शिकवावी लागली नाही.

सव्वीसाव्या वर्षी सिव्हिलला गेले.
डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागं
एक अरुंद विहीर काढली, विहिरीत एक केस.
वयात आलं की आत तेल वाढतं, म्हणाल्या,
तोंडाशी मेलेली कातडी अडकते,
तुंबलेल्या जागी जंतू माजतात, सूज येते.
घाण नाही. पाप नाही. तुझी चूक तर नाहीच.
मला कांडी अडकून थांबलेला माग दिसला
आणि उगाच रडू आलं.
पुस्तकात याला तारुण्यपीटिका म्हणतात,
ऐकून वाटावं फुलंच आहेत.

तर ऐक बे.
ही नळी त्यांनीच तुझ्यासाठी लिहून दिलीय.
रात्री, तोंड कोरडं करून,
हरभऱ्याच्या दाण्याएवढी, अख्ख्या तोंडाला.
फोडाफोडावर टिकल्या लावत बसू नकोस.
तोंड दोनदा धू. सातदा नको,
रागानं धुऊन काही जात नाही.
पहिले पंधरा दिवस सोलवटेल,
आहे त्याहून वाईट दिसेल,
सगळे तिथंच सोडून देतात.
आणि आत ठणकणाऱ्या गाठी आल्या
तर नळीवर भागणार नाही, मंगळवारी माझ्याबरोबर चल.

बारा आठवडे म्हणाल्यात त्या.
आज वीस ऑक्टोबर.
मोजलं मी, बरोबर गड्ड्यावर येतंय.
मोठ्या पाळण्यात बसू,
वर गेल्यावर तळ्याकडचा गार वारा तोंडावर घेऊ.
तेव्हाही दोनचार असतील. असू देत.

आणखी एक.
हे औषध रंग खातं.
तुझ्या निळ्या उशीवर पांढरे डाग पडतील,
आई ओरडेल, ओरडू दे.
तोंड पुसायला पांढरे टॉवेल आणलेत दोन,
सेकंडचे, किलोवर मिळाले.
एकाची कड वाकडी आहे,
दुसऱ्यात मधेच चार लूप नाहीत.
मीच काढले होते बाजूला.
धुऊन बघितले काल.
पाणी टिपतात.